शिडाची नौका आणि परक्या देशाचे दार

घुग्घुसपासून समुद्र कोणत्याही दिशेने गेले तरी शेकडो मैल दूर आहे. आम्हाला पाणी ठाऊक आहे ते वर्धेचे. हे पाणी पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जाते, एवढाच काय तो आमचा सागराशी संबंध. कोळसा आणि सिमेंट यांच्या धुळीत वाढलेल्या मुलांना आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवताना जहाजाचे उदाहरण द्यावे लागते, आणि ते नेहमीच पुस्तकी वाटते. मागील सत्रात असाच बंदरांवर बोलत असता मागल्या बाकावरच्या एका खाणकामगाराच्या मुलाने विचारले, ‘‘सर, कंपनीच्या जहाजातून नव्हे, तिकीट काढूनही नव्हे, स्वतःच्या शिडाच्या नावेतून एखाद्याला परदेशात जाता येते का?’’ वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

जाता येते, हे त्याचे उत्तर. आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईत बांधलेल्या नौकेचे आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात असते. १९६०च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया कंपनीच्या व्यापारी जहाजांवर नोकरीस होता. त्याने सोबत्यांसह मुंबईत एक नौका बांधून घेतली. लांबी अवघी ३२ फूट, लाकूड सागाचे, कारागीर मुंबईचे आणि हत्यारे पिढ्यान्‌पिढ्यांची. ज्यांनी बल्लारपूरच्या आगारात सागाच्या थप्प्या पाहिल्या आहेत त्यांना हे लाकूड खाऱ्या पाण्यात काय करू शकते हे वेगळे सांगायला नको. ‘सुहेली’ हे त्या नौकेचे नाव. मुंबईहून निघून अरबस्तान, आफ्रिका असे करीत ती १९६७ मध्ये इंग्लंडला पोचली. ती विकून नवी, मोठी नौका बांधावी असा मालकाचा बेत होता, परंतु गिऱ्हाईक मिळाले नाही. तेव्हा तीच घेऊन तो १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाला आणि कोठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटास गेला तो हा एकटा. नोकरदार माणसाची, मुंबईच्या सुतारांनी घडवलेली ही नौका होती. श्रीमंताचे खेळणे तिला कोणी म्हणू शकणार नाही.

अशी नौका परक्या बंदरात शिरते तेव्हा काय घडते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने समजून घेण्यासारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने ३२ फुटांची नाव आणि लाखभर टनांचे तेलवाहू जहाज यांची जात एकच. नौकेलाही राष्ट्रीयत्व असते. ज्या देशाच्या दप्तरी तिची नोंद त्या देशाचा ध्वज ती लावते. किनारा जवळ आला की डोलकाठीच्या दोरावर पिवळा झेंडा चढवायचा. ‘नौकेवर रोगराई नाही, प्रवेशाची अनुज्ञा असावी’ असा त्याचा अर्थ. परवानगी मिळेपर्यंत सुकाणूधारकाखेरीज कोणी किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. मग आरोग्य खाते, सीमाशुल्क आणि पारपत्र तपासणारे अधिकारी. त्यांच्यापुढे नोंदणीचा दाखला, खलाशांची यादी आणि मागील बंदराने दिलेला निर्गमन-परवाना ठेवायचा. हे उरकले की पिवळा झेंडा उतरतो आणि त्या जागी यजमान देशाचा छोटा ध्वज चढतो. नौका ही स्वतः आयात केलेली वस्तू ठरून तिच्यावर जकात बसू नये म्हणून १९५६ मध्ये जिनिव्हा येथे एक स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करारही झाला. थोडक्यात, पाहुण्याला दारात उभे करून चार प्रश्न विचारावेत आणि मग आत घ्यावे, अशी ही रीत आहे.

या रीतीचा लाभ भारतीय नागरिकाला कितपत झाला? ‘सुहेली’ इंग्लंडला पोचली त्याच १९६७ साली, एप्रिलमध्ये, सतवंतसिंग साहनी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी दिला. तोवर पारपत्र देणे वा न देणे ही सरकारची मर्जी होती. त्यासाठीचा कायदा झाला तो या निर्णयानंतर, त्याच वर्षी. पारपत्र मिळाले तरी परकी चलन मिळेना, अशी स्थिती पुढेही कित्येक वर्षे होती. समुद्र ओलांडण्यास प्रथम धर्मशास्त्राने बंदी केली, मग चलननियंत्रणाने, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढणे अवघड जाईल. १९९९च्या कायद्याने आणि २००४च्या उदार योजनेने ही दुसरी बंदी बहुतांशी उठली.

हुन्नराची उणीव तर नव्हतीच. सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या कोरड्या माळावरच्या खेड्यात निवृत्तीनंतर राहिलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला. (समुद्राचे वेड लागायला समुद्रकाठी राहावे लागत नाही, हे माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.) गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे स्वतः नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे राहून शिकून आले होते. ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व केप टाउन अशा चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. पुढे दिवाडीलाच बांधलेल्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी हा पल्ला गाठला. या पराक्रमाला तोड नाही. परंतु ही सारी माणसे नौदलाची आहेत, आणि त्या नौकांमागे राज्यसंस्था उभी होती. जे नॉक्स-जॉन्स्टनने नोकरीच्या कमाईत केले ते आपल्याकडे संरक्षण खात्याने केले, हा फरक दृष्टिआड करता येत नाही.

याचे एक कारण भय, आणि ते अनाठायी नाही. १९९३ मध्ये रायगड किनाऱ्यावर शेखाडीला स्फोटके उतरली ती समुद्रातूनच, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेले मारेकरी ‘कुबेर’ ही मच्छीमारांची बोट पळवून आले. तेव्हापासून लहान बोट म्हणजे संशय, हे समीकरण शासनाच्या मनात पक्के बसले. मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींना ठरावीक रंग आले. हे आवश्यकच होते. पण संशयाचा भार पडला तो मुख्यत्वे गरिबावर.

आणि येथे या विषयाची दुसरी बाजू येते. ती मांडल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. डहाणू-पालघरकडील कितीतरी माणसे गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. तेही लहान बोटीतून परक्या देशात पोचतात, फक्त त्यांची तशी इच्छा नसते. सर क्रीकचा वाद मिटलेला नाही, पाण्यावर रेघ दिसत नाही आणि मासळीला सरहद्द ठाऊक नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी यंत्रणा ती पकडते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. आपणही त्यांच्या मच्छीमारांना असेच धरतो, हे सांगितले पाहिजे. २००८च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि त्यांत मच्छीमारांचा रकाना वेगळा असतो. यादीत नाव असणाऱ्याची शिक्षा बहुधा कधीच भोगून झालेली असते. अडते ते राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीपाशी. नौकेला ध्वजामुळे जे राष्ट्रीयत्व पाण्यावर क्षणात मिळते, ते माणसाला सिद्ध करण्यास वर्षे लागतात. मधल्या काळात घरी कमावते कोणी नसते आणि जप्त झालेली बोट मालकाला परत मिळेलच असे नाही.

वस्तुतः कायदा येथे मुका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराचे ७३वे कलम सांगते की, अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, उभय देशांत तसा करार नसेल तर, कारावासाची शिक्षा देता येत नाही; आणि वाजवी तारण दिल्यास बोट व खलाशी लगेच सोडले पाहिजेत. भारताने हा करार १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्य केला. पळवाट अशी की, किनाऱ्यालगतच्या १२ मैलांच्या पट्ट्याला हे कलम लागू नाही, आणि बोट नेमकी कोठे होती हे ठरवतो पकडणाराच. कैद्यांच्या प्रश्नासाठी २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. २०१३ नंतर तिचे काम थंडावले.

सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही ‘सुहेली’च्या बांधणीची नौका हिंदी महासागरात वादळात सापडली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. तीन दिवसांनी त्यांना उचलले ते एका फ्रेंच जहाजाने, आणि ते जहाज होते बेकायदा मासेमारीवर गस्त घालणारे. त्या दिवशी कागदपत्रे कोणी विचारली नाहीत. समुद्रावर माणुसकीचा नियम अजून जिवंत आहे, तो संकटग्रस्तापुरता. वाट चुकलेल्याला तो लागू करायचा तर न्यायाधीशांची ती समिती पुन्हा बसवणे, राष्ट्रीयत्वाच्या पडताळणीला मुदत घालणे आणि पहिल्यांदा सापडलेली बोट खलाशांसह समुद्रातूनच परत लावणे, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. त्याचबरोबर आपल्या सातशे किलोमीटरांहून लांब किनाऱ्यावर, रत्नागिरी वा मालवणसारख्या एखाद्या बंदरात, खासगी नौकेची नोंदणी, निर्गमन आणि प्रवेश एकाच कचेरीत उरकता येण्याची सोय का असू नये? अशा नौकांची बांधणी व डागडुजी यांतून किनाऱ्यावरच्या सुतार-लोहारांना मिळणारे काम दिवाडीने दाखवून दिलेच आहे.

त्या विद्यार्थ्याला मी ‘सुहेली’ची आणि ‘म्हादेई’ची हकीकत सांगितली. तो खूश झाला. घंटा झाल्यामुळे डहाणूची सांगायची राहिली. ती पुढच्या तासाला सांगणार आहे.