गाडीचं अंग, लेखांक सातवा: उघडं पोलाद की काळं रॅप?

मागच्या आठवड्यात आपण रंगाचे थर पाहिले: प्रायमर, मूळ रंग आणि वरचा क्लिअरकोट. आज रंगच नसलेल्या गाडीकडे वळू. २०२३च्या नोव्हेंबरअखेर टेस्लाचा सायबरट्रक ग्राहकांना मिळू लागला, तो बिनरंगी स्टेनलेस स्टीलच्या अंगाचा. तो तसाच उघडा ठेवावा की गडद फिल्मने मढवावा, यावर त्याचे मालक तेव्हापासून विचार करत आहेत. अहेरीत ती गाडी नाही. पण उघड्या स्टीलचे दुधाचे टँकर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि मॅट काळ्या रॅपची हौस तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात ही निवड नुसती दिसण्यावर करून चालणार नाही.

आधी ऊन. उन्हातल्या पत्र्याला दोन कामं जमावी लागतात: ऊन परतवणं आणि शोषलेली उष्णता पुन्हा बाहेर टाकणं. काळी फिल्म अंगावर पडलेल्या उन्हाचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग शोषते. ती उष्णता बाहेर चांगली टाकते, पण तोवर पत्रा तापलेला असतो. उघडं पोलाद बरंचसं ऊन परतवतं, मात्र दुसऱ्या कामात फार कमी पडतं. म्हणून चकचकीत टँकरलाही दुपारी हात लावता येत नाही. दोन्ही कामं नीट करतो तो साधा पांढरा रंग. बंद कारमध्ये बरीचशी उष्णता काचांमधून येते, त्यामुळे आत बसणाऱ्याला रंगाचा फरक थोडा कमी जाणवतो. पण एकेरी पत्र्याचा टप असलेल्या पिकअपमध्ये तो थेट डोक्यावर येतो.

फिल्मलाही हे ऊन सोसत नाही. ती विनाइलची असते, जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर. टप आणि बॉनेट सतत उन्हासमोर आडवे, म्हणून तिथली फिल्म दारांवरच्या फिल्मच्या कितीतरी आधी फिकी पडते आणि तडकते. वेळेत काढली नाही तर ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली उभ्या केलेल्या गाडीवर फुलांचा चिकट गोडवा सुकतो, तोही त्याच दिवशी धुवावा लागतो. फिल्मचा खरा उपयोग जंगलरस्त्यावर आहे. बांबूची फांदी घासली तर ओरखडा तिच्यावर पडतो, खालचा रंग वाचतो.

आता पोलाद. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा संरक्षक थर बनवतं. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो. त्याचा मोठा शत्रू म्हणजे मीठ. कोकणच्या किनाऱ्यावर मी कुणाला उघड्या स्टीलची गाडी सुचवणार नाही. अहेरी मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, म्हणून पोलाद इथे पुष्कळ टिकेल.

पण सुरजागडच्या धुळीचं काय? एटापल्ली तालुक्यातल्या त्या खाणीचं लोहखनिज घेऊन ट्रक आलापल्लीवरून आष्टीकडे जात राहिले, आणि या रस्त्यावरची लाल धूळ पुसता पुसता लोक थकले. साहजिकच वाटतं की लोखंडाची धूळ पोलादाला गंज लावील. इथे फरक करायला हवा. ते खनिज प्रामुख्याने हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. जे आधीच गंजलेलं आहे ते आणखी काय गंजणार? त्याचा डाग पाण्याने जातो. मात्र ती धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण तिचे कण कठीण असतात आणि चरे पाडतात. नारिंगी ठिपके पाडतो तो शुद्ध लोखंडाचा कण: ब्रेकमधून झिजून उडणारा, किंवा गॅरेजात ग्राइंडर चालताना उडणारा. स्टीलच्या पातेल्यावर लोखंडी घासणीचा तुकडा राहिला की जे होतं, तेच इथे होतं. म्हणून उघड्या स्टीलची गाडी वेल्डिंगच्या दुकानाजवळ उभी करू नका.

माझं मत सांगतो. अहेरीसाठी टप आणि बॉनेट पांढरेच ठेवा. गडद फिल्मची आवड असेल तर ती दारांपुरती असू द्या, आणि पारदर्शक फिल्म मिळत असेल तर तीच घ्या. सिरोंचा रस्त्यावर तिन्हीसांजेला मॅट काळी गाडी समोरच्या ट्रकचालकाला उशिरा दिसते. हे कारण मला सौंदर्याच्या सगळ्या गणितांपेक्षा मोठं वाटतं.

तरीही संपूर्ण रॅप करायचंच असेल, तर गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो हे ध्यानात ठेवा. रंग बदलला की ती नोंदही आरटीओकडून बदलून घ्यावी लागते. मॅट ऑलिव्ह हिरवा तर निवडूच नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१व्या नियमाने तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवला आहे, आणि सुरक्षा दलांची ये-जा असलेल्या आपल्या जिल्ह्यात त्या रंगाची खासगी गाडी प्रत्येक नाक्यावर थांबवली जाईल.