एंजिनाचा उच्छ्वास : नळी किती लांब, किती रुंद?

गाडीचा सायलेन्सर काढून टाकला म्हणजे एंजिन मोकळे होते आणि गाडी जोरात पळते, अशी समजूत गावोगावच्या गॅरेजांतून ऐकावयास मिळते. तिच्या मुळाशी कल्पना साधी आहे. जळलेला वायू म्हणजे सांडपाणी आणि त्याची नळी म्हणजे मोरी. मोरी जितकी रुंद व आखूड तितकी बरी! हौसेने एंजिन नव्याने बांधणारा मनुष्यही याच समजुतीने जाड नळ्या आणतो, आणि मग चढावर गाडी दम का टाकते म्हणून डोके धरून बसतो. आमचे म्हणणे असे की, ही नळी मोरी नव्हे; ती एक प्रकारचे घड्याळ आहे.

ते कसे, हे पाहू. निकासाची झडप उघडते त्या क्षणी सिलिंडरातील दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. वायू नळीत घुसतो, पण त्याच्याही पुढे दाबाची एक लाट धावते. साध्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तापलेल्या वायूत ही लाट ५५० च्या घरात जाते. नळीचे तोंड उघड्यावर आले, किंवा चारही नळ्यांचा मोठ्या नळीत संगम झाला, की ती परतते. विहिरीत हाक मारली तर हाकच परत येते. येथे मात्र ढकलणारी लाट जाते आणि ओढणारी परत येते. ती झडपेपाशी वेळेवर पोहोचली तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते. इतकेच नव्हे, निकासाच्या शेवटी दोन्ही झडपा क्षणभर एकदमच उघड्या असतात; त्या वेळी ही ओढ ताज्या मिश्रणालाही आत खेचते. वेळ चुकली तर ओढीऐवजी दाब हजर होतो आणि जळका वायू उलटा आत शिरतो. चढावरचा दम तो हाच.

आता अडचण अशी की, नळीची लांबी कायम आणि एंजिनाचा वेग मात्र सतत बदलता. म्हणजे एक लांबी एकाच वेगाच्या आसपास खरी साधते. कोणत्या वेगाला जोर हवा, हे मालकाने आधी ठरविले पाहिजे, मापे त्यानंतर.

फोर्डचे १९६७ साली आलेले १६०० सी.सी.चे ‘केंट’ एंजिन उदाहरणास घेऊ. इंग्लंडात शर्यतीच्या हौशी मंडळींनी ते खूप वापरले. चार सिलिंडर, प्रत्येकी सुमारे ४०० सी.सी. नुसत्या लाटेच्या वेगावरून त्रैराशिक मांडून याची लांबी निघत नाही. कारण लाट म्हणजे टिंब नव्हे, तिला लांबलचक अंग आहे. शिवाय तिचा काही भाग संगमाच्या पुढे जाऊन उशिरा परततो. म्हणून अनुभवाचा ठोकताळा घ्यावा लागतो. ग्रॅहम बेल (टेलिफोनवाले नव्हेत!) यांच्या चार स्ट्रोकच्या एंजिनांवरील १९८१ च्या पुस्तकात तो असा दिला आहे : पिस्टन तळाला पोहोचण्यापूर्वी झडप जितके अंश उघडते त्यात १८० मिळवावे, ८५० ने गुणावे, मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे आणि ३ वजा करावे, उत्तर इंचांत.

रस्त्यावरच्या गाडीला ५००० फेऱ्या धरू आणि झडप ६० अंश आधी उघडते असे मानू. ८५० गुणिले २४०, भागिले ५०००, वजा ३. म्हणजे जवळजवळ ३८ इंच, ९६ सेंटिमीटर. तेच एंजिन शर्यतीसाठी ७५०० फेऱ्यांचे केले आणि झडप ७५ अंश आधी उघडली तर उत्तर येते २६ इंच, म्हणजे ६६ सेंटिमीटर. एकाच एंजिनाला तीस सेंटिमीटरांचा फरक!

रुंदीचे गणित वायूच्या मापावर चालते. नळी अरुंद असली तर वायू ढकलण्यात पिस्टनची शक्ती खर्ची पडते. फार रुंद असली तर वायूचा वेग मंदावतो आणि लाटही दुबळी होते. सिलिंडरचे घनफळ व नळीची लांबी जमेस धरणारे बेल यांचे दुसरे सूत्र पहिल्या एंजिनाला आतून सुमारे ३३ मिलिमीटर व्यास देते, दुसऱ्याला ४०. सातच मिलिमीटर, असे वाटेल. पण क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांहून अधिक वाढले! नळ्या नेहमी बाहेरच्या व्यासाने विकल्या जातात, तेव्हा पत्र्याची जाडी दुप्पट करून वजा करण्यास विसरू नये.

चारही नळ्या एकदम एकत्र आणाव्या, की दोन-दोन जोडून मग एक करावी, हा प्रश्न उरतो. केंटचे सिलिंडर १-२-४-३ या क्रमाने पेटतात. म्हणून १ शी ४ आणि २ शी ३ जोडला म्हणजे जोडीतील दोन ठोके एकमेकांपासून नेमके एक फेरा दूर राहतात आणि परस्परांच्या आड येत नाहीत. या रचनेत मधल्या वेगांना जोर बरा मिळतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आम्ही हीच पसंत करू. ठोकताळ्याची लांबी तेव्हा दोन्ही टप्पे मिळून मोजावयाची.

प्रत्यक्ष काम करताना पहिल्या नळ्या चार बोटे लांबच ठेवाव्या. कापता येतात, वाढविता येत नाहीत. डायनॅमोमीटरवर एंजिन चालवून थोडथोडे कापत जावे. मात्र प्रत्येक वेळी कार्बुरेटरची जेट पुन्हा जुळवून घ्यावी, नाहीतर सुधारणा नळीने झाली की पेट्रोलाच्या प्रमाणाने, हे कळणार नाही.