होळीचा फेर (जुन्नर व आंबेगाव)

फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री पेटत्या होळीभोवती ढोलाच्या तालावर वर्तुळाकार केल्या जाणाऱ्या सामूहिक नृत्याला होळीचा फेर असे म्हणता येईल. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी वाड्यांमध्ये हे नृत्य आढळते. महादेव कोळी आणि ठाकर हे येथील प्रमुख आदिवासी समाज असून कातकरी समाजाच्याही वस्त्या आहेत. या नृत्यात कलावंत आणि प्रेक्षक असे दोन वर्ग नसतात. होळीपाशी आलेला प्रत्येक जण वाजवणारा, गाणारा, नाचणारा किंवा आगीची राखण करणारा असतो. रोजगारासाठी होणारे स्थलांतर, धरणांमुळे झालेले विस्थापन आणि वाढते पर्यटन यांमुळे या प्रथेचे स्वरूप बदलत चालले आहे.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग हा सह्याद्रीच्या मुख्य धारेला लागून असलेला डोंगराळ प्रदेश आहे. घोड नदी आहुपे परिसरात, तर कुकडी नदी चावंड किल्ल्याजवळील पूर येथे कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावते. नद्यांच्या खोऱ्यांना येथे ‘नेर’ म्हणतात. कुकडनेर, घोडनेर, भीमनेर ही नावे त्यावरूनच पडली आहेत. पूर्वेकडील नारायणगाव, मंचर हा भाग बागायती आहे, तर पश्चिमेकडे मुसळधार पावसावर येणारे भात, नाचणी व वरई ही मुख्य पिके आहेत. हिरडा हे येथील महत्त्वाचे वनोपज असून त्याच्या विक्रीतून अनेक कुटुंबांना रोख पैसा मिळतो.

दोन्ही तालुक्यांतील आदिवासीबहुल गावे संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे. वस्ती एकवट नसून ती डोंगरउतारावर विखुरलेल्या लहान लहान वाड्यांची आहे. एरवी दूर राहणारी घरे ज्या प्रसंगी एका जागी येतात, त्यांत लग्न, ग्रामदेवतेची जत्रा आणि होळी हे प्रमुख होत.

काळ

होळी येते तेव्हा डोंगराळ भागातील शेतकरी दोन कामांच्या मधल्या सवडीत असतो. भाताची झोडणी केव्हाच उरकलेली असते आणि पुढच्या हंगामाची मशागत अजून दूर असते. गवत वाळलेले असते, आकाश निरभ्र असते आणि पौर्णिमेच्या उजेडात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर जाणे सोपे असते. फाल्गुनानंतर राब भाजण्याची लगबग सुरू होते. भाताचे रोप तयार करण्यासाठी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या व गवत यांचे थर रचून ते जाळतात, त्यास राब भाजणे म्हणतात. वाफ्यावरची आग कशी आवरायची हे ज्यांना ठाऊक असते, तेच लोक होळीही सांभाळतात.

होळीची उभारणी

होळीची जागा बहुधा ठरलेली असते. घरे, गवताच्या गंजी आणि झाडी यांपासून दूर असलेले मोकळे पटांगण किंवा पीक निघालेले शेत त्यासाठी निवडतात. लाकडे व गोवऱ्या गोळा करण्याचे काम मुलांकडे असते. मध्यभागी एरंड, सावर किंवा अन्य झाडाची फांदी अथवा खांब पुरून भोवती लाकडे रचतात. तपशील वाडीगणिक बदलतो.

होळी पेटवण्याचा मान परंपरेने गावातील ठरावीक व्यक्तीकडे किंवा घराण्याकडे असतो. पूजा होते, पुरणपोळीचा नैवेद्य व नारळ अर्पण केला जातो आणि ज्वाळा वर चढताच तोंडावर हात मारून बोंब ठोकली जाते. दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून मुलांना अंघोळ घालण्याची आणि राख कपाळाला लावण्याची रीत महाराष्ट्राच्या अनेक भागांप्रमाणे येथेही आहे.

वाद्ये

फेराचे मुख्य वाद्य ढोल आहे. पारंपरिक ढोलाचे खोड लाकूड पोखरून तयार करतात आणि त्याच्या दोन्ही तोंडांवर चामड्याची पाने ताणून बसवतात. एका पानावर टिपरूने ठोका देतात, तर दुसरे पान हाताने वाजवतात. एका बाजूने भरीव आवाज येतो, दुसऱ्या बाजूने तुलनेने उंच. या दोन आवाजांच्या अदलाबदलीतून ताल उभा राहतो. ढोलासोबत झांज, हलगी किंवा सनई असू शकते.

आग आणि ढोल यांचा संबंध केवळ शोभेचा नाही. डोंगरावर रात्री दव पडते. चामडे हवेतील ओल शोषून घेते, ढिले पडते आणि आवाज बसतो. पान आगीच्या धगीवर धरले म्हणजे ओल निघून जाते, चामडे आकसते आणि आवाज पुन्हा चढतो. म्हणून वादक अधूनमधून होळीजवळ जाऊन वाद्य शेकतात. धग किती द्यायची याचा अंदाज अनुभवाने येतो, कारण जास्त तापल्यास पान तडकते. ताशा, हलगी अशा चामड्याच्या इतर वाद्यांनाही हेच लागू पडते. आता पत्र्याचे ढोल आणि कृत्रिम धाग्याची किंवा प्लास्टिकची पाने सर्वत्र मिळतात. त्यांना दवाची बाधा होत नाही, परंतु त्यामुळे वाद्य शेकण्याचे कौशल्यही मागे पडत आहे.

फेराची रचना

नाचणारे एकमेकांचे हात धरून किंवा कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात. पावले साधी असतात. एक-दोन पावले पुढे, एक मागे, मधून गुडघ्यात किंचित वाकणे आणि ठोक्यावर पाय आपटणे. नवख्याला ती काही फेऱ्यांत जमतात. आरंभी गती संथ असते. वादक ठोका जलद करू लागला की साखळी आवळते, वर्तुळ लहान होते आणि पावले उड्यांसारखी पडू लागतात. दम लागला की ताल उतरतो, काही जण बाहेर पडतात आणि इतर त्यांची जागा घेतात. यामुळेच फेर रात्री उशिरापर्यंत चालू शकतो. नाचणारी माणसे बदलत राहिली तरी वर्तुळ मोडत नाही.

स्त्रिया व पुरुष यांचे फेर काही ठिकाणी वेगळे, काही ठिकाणी एकत्र असतात. ठाकर समाजात ढोलनाच, कांबडनाच व गौरीनाच असे नृत्यप्रकार आहेत. स्त्रियांमध्ये फुगडीही खेळली जाते.

शिकवणीची वेगळी सोय नसते. लहान मूल आधी आईच्या किंवा आजीच्या कडेवर बसून ताल ऐकते, चालू लागल्यावर साखळीच्या शेवटच्या टोकाला लागते आणि मोठेपणी मधोमध येते. ढोलाचेही तसेच आहे. वडीलधारा वादक थकला की शेजारी उभा असलेला मुलगा टिपरू हाती घेतो.

गाणी

फेराची गाणी मौखिक परंपरेतील आहेत. एक जण ओळ उचलतो आणि बाकीचे ती झेलतात. देवदेवतांचे स्मरण, डोंगर व पाऊस, शेतीची कामे, सासर-माहेर, थट्टामस्करी असे विषय त्यांत येतात. शिमग्याच्या दिवसांत एरवी न बोलायच्या गोष्टी बोलण्याची मुभा असते. त्यामुळे कंजूष सावकारापासून गावच्या पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही टर उडवता येते. नव्या घटनांवर नव्या ओळी जागच्या जागी रचल्या जातात आणि त्यांतील थोड्याच पुढील वर्षापर्यंत टिकतात. गाणी लिहिलेली नसल्याने फेर हेच त्यांचे जतन करण्याचे साधन ठरते. जी गाणी फेरात म्हटली जात नाहीत, ती एका पिढीत नाहीशी होऊ शकतात.

इतर प्रदेशांतील साम्य

आगीभोवती किंवा वाद्याभोवती फेर धरण्याची प्रथा महाराष्ट्राच्या इतर आदिवासी भागांतही आहे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजाच्या तारपा नृत्यात तारपा वाजवणारा मध्यभागी असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वळसे घेते. वारली चित्रांतील नागमोडी साखळीमुळे हे नृत्य जगभर परिचित झाले आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीला सातपुड्यातील दूरदूरच्या पाड्यांवरून लोक पायी येतात, रात्रभर ढोल वाजवून नाचतात आणि होळी पहाटे पेटवली जाते. काठीच्या मानाने जुन्नर-आंबेगावच्या होळ्या लहान असून त्या त्या वाडीपुरत्या असतात. त्यांना यात्रेचे रूप नाही.

जुन्नर तालुक्यातच नारायणगाव हे तमाशा फडांचे मोठे केंद्र आहे. तमाशातही ढोलकी व हलगी यांना महत्त्व आहे, परंतु तेथे कलावंत व्यावसायिक असतात आणि प्रेक्षक समोर बसतात.

स्थलांतर व विस्थापन

पावसाळी शेती संपली की डोंगराळ भागातील अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. काही जण नारायणगाव, मंचर परिसरातील बागायती शेतांवर, काही वीटभट्ट्यांवर, तर काही पुणे व मुंबई येथे जातात. शिमग्याला गावी परतण्याची ओढ मोठी असते. मात्र उचल घेतलेल्या मजुराला सुटी मिळेलच असे नसते. वाडीत परतणाऱ्यांची संख्या घटली की आधी ढोल वाजवणारे कमी पडतात, मग गाणी उचलणारे, आणि शेवटी होळी केवळ पूजेपुरती उरते.

घोड नदीवरील डिंभे धरणामुळे आणखी एक बदल घडला. या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले असून ते आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचे होते. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याचे नाव पडले, ते मूळ गावही जलाशयाखाली गेले. गावाबरोबर खळी, पायवाटा आणि होळीच्या जागाही बुडाल्या. काही कुटुंबे इतरत्र गेली, तर काही पाण्याच्या वर, डोंगरउतारावर सरकली. नवी वस्ती झाली तेथे होळीची जागा नव्याने ठरवावी लागली.

होळीच्या फेरातील सहकार्य उत्सवापुरते मर्यादित नाही. या भागात पडकई नावाची प्रथा आहे. तीनुसार शेतकरी एकत्र येऊन एकमेकांच्या उतारावरील जमिनीत बांध घालतात आणि भातखाचरे तयार करतात. आज एकाच्या शेतावर, उद्या दुसऱ्याच्या, असे श्रम फिरते राहतात. फेराला येणारी माणसे पडकईलाही येतात. म्हणूनच होळीला कोण आले आणि कोण आले नाही, याची वाडीत नोंद घेतली जाते.

रंगमंचावरील रूप

आदिवासी सांस्कृतिक महोत्सव, शाळांची स्नेहसंमेलने आणि शासकीय कार्यक्रम यांतून हे नृत्य रंगमंचावर आले. त्यामुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली आणि तरुण वादकांना काही मानधनही मिळू लागले. मात्र रंगमंचावर त्यात मूलभूत फरक पडतात. प्रेक्षकांकडे पाठ होऊ नये म्हणून पूर्ण वर्तुळाचे अर्धवर्तुळ होते. तासन्‌तास चालणारा फेर पाच-दहा मिनिटांत आटोपावा लागतो, म्हणून संथ आरंभ गळतो आणि केवळ जलद भाग उरतो. मध्यभागी आग नसते. पोशाख सारखे केले जातात. वृद्ध व लहान मुले वगळली जातात. ज्या गोष्टीमुळे फेर सर्वांचा होतो, नेमकी तीच येथे कमी होते.

शेकोटी शिबिरे व वणव्याचा प्रश्न

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. नाणेघाट, माळशेज घाट, भीमाशंकर आणि धरणांचे काठ येथे तंबूत मुक्काम, शेकोटी व संगीत अशी शिबिरे भरतात. काही ठिकाणी स्थानिक ढोलवादकांनाही बोलावतात. यातून वाड्यांतील कुटुंबांना जेवण, निवास व वाटाड्या म्हणून उत्पन्न मिळते. पाहुण्यांसाठी वाजवलेला ढोल आणि होळीचा फेर या मात्र भिन्न गोष्टी होत. होळीची तिथी, जागा आणि मान ठरलेले असतात, ते मागणीनुसार हलत नाहीत. होळीला आलेल्या पाहुण्यालाही फेरात जागा मिळते. छायाचित्रे काढण्यापूर्वी अनुमती घेणे आणि वडीलधाऱ्यांच्या सूचना पाळणे एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

खरा धोका आगीचा आहे. फाल्गुन ते वैशाख या काळात डोंगरावरचे वाळलेले गवत ठिणगीनेही पेट घेते. १९८५ साली घोषित झालेले भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य या भागाला लागून आहे. राज्यप्राणी शेकरू तेथे आढळतो. तो झाडांच्या उंच फांद्यांवर घरटी बांधतो. वणव्यात गवत, हिरड्याची रोपे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांनुसार राखीव वनात व अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. वणवा पसरू नये म्हणून वन विभाग उन्हाळ्यापूर्वी गवताचे पट्टे जाळून जाळरेषा आखतो.

होळी हीदेखील आगच असली तरी ती मोकळ्या जागी, माणसांच्या वेढ्यात पेटते आणि निखारे विझेपर्यंत तिच्याजवळ कोणीतरी थांबते. शिबिरातील शेकोटी मात्र अनेकदा गवताळ पठारावर पेटवली जाते आणि पाहुणे झोपल्यावर तिच्याकडे कोणी पाहत नाही. मोकळी जागा निवडणे, भोवतालचे गवत साफ करणे, पाणी जवळ ठेवणे, वारा असल्यास आग न पेटवणे आणि राख गार झाल्याखेरीज जागा न सोडणे, हे नियम दोन्हींना सारखेच लागू आहेत.

अभ्यास

ठाकर समाजाच्या जीवनाचा सविस्तर अभ्यास ल. ना. चापेकर यांनी केला असून सह्याद्रीतील ठाकरांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. महादेव कोळी समाजाविषयी डॉ. गोविंद गारे यांचे लेखन महत्त्वाचे आहे. ते स्वतः जुन्नर तालुक्यातील निमगिरीचे होते. पुणे येथील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात राज्यातील आदिवासींची वाद्ये, मुखवटे व नित्य वापरातील वस्तू पाहावयास मिळतात. वाद्य संग्रहालयात जतन करता येते. ते शेकण्याची धग, गाण्याची उचल आणि पावलांची लय मात्र प्रत्यक्ष फेरातूनच पुढील पिढीकडे जातात.