निकॉन डी७५०० : काय मिळते, काय सोडावे लागते

हौशी छायाचित्रकाराची खरी कसोटी मधल्या श्रेणीतील कॅमेरा निवडताना लागते. प्राथमिक श्रेणीच्या मर्यादा आणि व्यावसायिक श्रेणीचे सामर्थ्य या दोन्हींची कल्पना सर्वांना असते. मधल्या श्रेणीत मात्र निर्मात्याने काय दिले आणि काय राखून ठेवले, हे बारकाईने पाहावे लागते. एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालेला निकॉन डी७५०० हा याचा बोलका नमुना आहे. त्या वेळी अमेरिकेत लेन्सशिवाय त्याची किंमत सुमारे १,२५० डॉलर होती. अनेकजण मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे वापरलेला डी७५०० आता याहून कमी किमतीत मिळू शकतो. म्हणूनच त्याच्या गुणदोषांचा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल.

त्याचा पहिला गुण म्हणजे सेन्सर. तो निकॉनच्या अधिक महाग अशा डी५०० कॅमेऱ्यातून घेतलेला आहे. आधीच्या डी७२०० मध्ये २४.२ मेगापिक्सेल होते, येथे २०.९ आहेत. हा आकडा पाहून नाराज होण्याचे कारण नाही. एवढ्या पिक्सेलांतून १८ × १२ इंचांची उत्तम छपाई होते. मंद प्रकाशातही चित्र बऱ्यापैकी स्वच्छ राहते. आयएसओची मर्यादा ५१,२०० असली आणि ती कागदोपत्री त्याच्याही पुष्कळ पुढे नेता येत असली, तरी व्यवहारात ६,४०० च्या आसपास थांबणे शहाणपणाचे. महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहातील गणेशोत्सव टिपायला तेवढे पुरते.

दुसरा गुण वेगाचा. हा कॅमेरा सेकंदाला ८ छायाचित्रे घेतो. डी७२०० सहा घेत असे. रॉ स्वरूपातील सुमारे ५० छायाचित्रे तो न अडखळता सलग साठवतो. फोकससाठी ५१ बिंदू आहेत. मुलांचा फुटबॉलचा सामना असो वा सुटीत ताडोबात दिसलेला वाघ, हलत्या विषयासाठी ही यंत्रणा भरवशाची आहे. सेन्सर लहान आकाराचा असल्याने ३०० मिमीच्या लेन्समधून ४५० मिमीइतके जवळचे दृश्य मिळते. बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे ९५० छायाचित्रे देते, त्यामुळे दिवसभराच्या सफारीत चार्जर शोधावा लागत नाही.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव म्हणजे कार्डासाठी असलेली एकच खाच. डी७२०० मध्ये दोन होत्या. प्रत्येक छायाचित्र एकाच वेळी दोन्ही कार्डांवर साठवता येई. डी७५०० मध्ये कार्ड बिघडले तर त्यावरचे सारे जाऊ शकते. बागेतील फुले पुन्हा टिपता येतात. दोन वर्षांनी मायदेशी गेल्यावर काढलेली आजी-आजोबांची छायाचित्रे, भाचीच्या लग्नातील मंगलाष्टकांचा क्षण मात्र पुन्हा मिळत नाही. यावर उपाय आहे, पण तो शिस्तीचा: एक मोठे कार्ड वापरण्याऐवजी दोन-तीन लहान कार्डे आलटून पालटून वापरावीत आणि रोज रात्री छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

दुसरी उणीव जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांना जाणवेल. निकॉनची एफ माउंट जोडणी १९५९ पासूनची; त्यामुळे वडिलांच्या कपाटातील जुन्या लेन्सही वापरण्याचा मोह होतो. परंतु इलेक्ट्रॉनिक संपर्क नसलेल्या लेन्सवर डी७५०० चा प्रकाशमापक चालत नाही. डी७२०० मध्ये ही सोय होती. येथे सारे अंदाजाने ठरवावे लागते. याउलट, स्वतःची मोटर नसलेल्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स हा कॅमेरा आपल्या मोटरने फोकस करतो, ही जमेची बाजू.

तिसरी मर्यादा चित्रीकरणाची. फोर-के चित्रीकरणात सेन्सरचा केवळ मधला भाग वापरला जातो, त्यामुळे १८ मिमीची लेन्स सुमारे ४० मिमीसारखी वागते. दिवाणखान्यात जमलेले सारे कुटुंब एका चौकटीत घेणे कठीण होते. शिवाय पडद्यावर पाहून चित्रीकरण करताना आरसा वर गेलेला असतो, त्यामुळे व्ह्यूफाइंडरमागची जलद फोकस यंत्रणा काम करत नाही आणि धावत्या मुलावर फोकस टिकत नाही.

थोडक्यात, हलत्या विषयांची स्थिरछायाचित्रे हीच ज्यांची आवड आहे, त्यांच्यासाठी डी७५०० आजही पैशांचे मोल देतो. चित्रीकरणाला प्राधान्य असणाऱ्यांनी मिररलेस कॅमेरा घ्यावा. मानधन घेऊन लग्नसमारंभ टिपणाऱ्यांनी दोन खाचांचाच कॅमेरा निवडावा. वापरलेला घेताना शटर किती वेळा उघडले आहे ते तपासावे. त्याची चाचणी दीड लाख वेळांपर्यंत झालेली आहे. हमी शिल्लक असल्यास ती आपण राहतो त्या देशात लागू आहे का, हेही पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.