बोली चौदा हजारांची, हातात बारा का?

पगाराचा दिवस आला की अनेक कारखान्यांत तीच कुरबूर ऐकू येते. कारागीर म्हणतो, "शेठ, बोली चौदा हजारांची होती, हातात बारा कसे?" शेठ म्हणतात, "बाकीचे कपातीत गेले." दोघेही खरेच बोलतात, पण समाधान कुणाचेच होत नाही. कारण बोली एकूण पगाराची की हातात पडणाऱ्या पगाराची, हे आधी ठरलेलेच नसते.

आपण हिशोबच मांडून पाहू. 20 हून अधिक कामगारांचा कारखाना आहे आणि एका कारागिराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये आहेत. हा झाला एकूण पगार. त्यातून भविष्य निर्वाह निधीसाठी 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये कापले जातात. राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे 105 रुपये. महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे 200 रुपये. फेब्रुवारीत हीच रक्कम 300 होते. एकूण कपात 1,985 रुपये. हातात पडणारा, म्हणजे निव्वळ पगार 12,015 रुपये.

आता मालकाची बाजू पाहा. निधीत त्यालाही तेवढेच 1,680 रुपये भरावे लागतात आणि विम्यासाठी सव्वातीन टक्के, म्हणजे 455 रुपये. हा कारागीर त्याला 14,000 ला नव्हे, तर 16,135 रुपयांना पडतो. निधीचा किरकोळ व्यवस्थापन खर्च वेगळाच. मालाचा दर ठरवताना अनेक लहान कारखानदार हा आकडा धरत नाहीत आणि मग नफा कुठे गेला म्हणून शोधत बसतात. आपला हिस्सा कारागिराच्या पगारातून वळता करणे मात्र बेकायदा आहे.

काही कारागीर म्हणतात, "आमचा निधी कापू नका, रोख द्या." आमच्या मते हा तोट्याचा सौदा आहे. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात. नोकरीत असताना कारागीर दगावला, तर त्याच्या विधवेला व मुलांना याच योजनेतून दरमहा रक्कम मिळते. विम्यातून घरच्यांचेही औषधपाणी होते. महिन्याचे सतराशे रुपये वाचवताना हे सारे हातचे जाते.

मालक बंधूंना एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. कापलेली रक्कम ही कारागिराची अमानत आहे. ती पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरली पाहिजे. कापून न भरणे हा निव्वळ हिशोबातील ढिलेपणा नाही. कायदा त्याला विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा मानतो. धंद्यात चणचण असली तरी या पैशाला हात लावू नये.

कारागिरांनी दरमहा पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी. तीत एकूण पगार, प्रत्येक कपात आणि घेतलेली उचल वेगवेगळी लिहिलेली असावी. आपल्या यूएएन क्रमांकावरून निधीचे पासबुक अधूनमधून तपासावे. आणि नवी बोली करताना दोन्ही आकडे तोंडी न ठेवता कागदावर घ्यावेत. एवढे केले तरी पगाराच्या दिवशीची निम्मी भांडणे आपोआप मिटतील.