बाई, मी नापास झाले का?

मुलांनो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. वर्षातला एक दिवस मला फार जड जातो. तो म्हणजे नवोदयच्या निकालाचा दिवस!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निकाल लागला आणि माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी दप्तरही न उघडता बाकावर बसून राहिली. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी नापास झाले का?"

"नाही गं!" मी पटकन म्हणाले. पण तिने हिशेबाचा कागदच पुढे केला. "बाई, माझी ८० पैकी ६४ उत्तरं बरोबर आहेत. म्हणजे १०० पैकी ८० गुण. वर्गात ८० मिळाले की तुम्ही शाबासकी देता. मग इथे माझं नाव का नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मला मात्र त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज ते तुम्हां सर्वांना आणि तुमच्या आई-बाबांना सांगते.

आधी शाळेची ओळख. जवाहर नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची आणि दुसरी हरियाणातल्या झज्जरची. आज देशात अशा साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. खेड्यातल्या हुशार मुलांना चांगलं शिक्षण मिळावं, हा त्यांचा मुख्य हेतू. मुलं तिथेच राहतात. शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च सरकार करतं. म्हणून तर एवढी गर्दी!

आता सहावीच्या प्रवेशाची प्रश्नपत्रिका पाहू. प्रश्न ८०, गुण १०० आणि वेळ दोन तास. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. पहिला भाग मानसिक क्षमता चाचणीचा. त्यात ४० प्रश्न आणि ५० गुण. वेगळी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा ओळखा, अर्धी आकृती पूर्ण करा, असे सगळे आकृत्यांचे प्रश्न. दुसरा भाग अंकगणिताचा, २० प्रश्न आणि २५ गुण. तिसरा भाषेचा, त्यातही २० प्रश्न आणि २५ गुण. उतारे वाचून उत्तरं द्यायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पण नुसते गुण कळून भागत नाही, ते कसे वाचायचे हेही कळायला हवं. वर्गातल्या परीक्षेत पास होण्याची रेघ आधीच आखलेली असते. तेवढे गुण मिळाले की सगळा वर्ग पास! नवोदयचं तसं नाही. तिथे जागा मोजक्या असतात. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८०. गुणांप्रमाणे रांग लावायची आणि जागा भरल्या की थांबायचं. शेवटच्या जागेवर जो बसला, त्याचे गुण म्हणजे त्या वर्षीचा 'कट-ऑफ'. तो परीक्षेआधी कुणी ठरवत नाही, रांग लागल्यावर तो आपोआप ठरतो. म्हणून तो दरवर्षी बदलतो आणि जिल्ह्याजिल्ह्यालाही बदलतो. एका जिल्ह्यात ७५ गुणांना जागा मिळेल, तर शेजारच्या जिल्ह्यात तेवढ्याच गुणांना मिळणारही नाही.

कबड्डीचंच बघा ना. मैदानात सातच जण उतरतात. मग आठव्याला कबड्डी येत नाही, असं आपण म्हणतो का?

आणि रांगही एकच नसते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, म्हणजे ८० पैकी किमान ६०. उरलेल्या जागांसाठी शहरी आणि ग्रामीण अशी दोन्हीकडची मुलं स्पर्धेत असतात. किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग आणि दिव्यांग मुलांसाठीही राखीव जागा असतात. तेव्हा "त्याला माझ्यापेक्षा कमी गुण, तरी तो कसा लागला?" असं म्हणत मित्रावर रुसू नका. तो त्याच्या रांगेत पुढे होता. त्यात त्याची काही लबाडी नाही.

आता माझी एक चूक सांगते. ती मुलगी तिसरी संपवून चौथीत जाणार होती, तेव्हा तिचे बाबा मला भेटायला आले होते. "बाई, वर्षभर हिला तालुक्याच्या शाळेत घालू का? मामाकडे राहील, नवोदयची तयारीही होईल." मी लगेच म्हणाले, "घाला की, चांगलंच आहे!" ती शाळा नगरपालिकेच्या हद्दीत होती. पाचवीला मुलगी परत आमच्या शाळेत आली आणि तिने परीक्षाही दिली.

नियम मात्र असा आहे, की ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेतच शिकलेलं असावं लागतं. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी तो विद्यार्थी शहरी धरला जातो. घर कुठे आहे हे तिथे बघत नाहीत, शाळा कुठे आहे हे बघतात. झालं! माझ्या विद्यार्थिनीचं घर खेड्यात, शेत खेड्यात, पण ती उभी राहिली शहरी रांगेत. ग्रामीण रांगेत तिला जागा मिळालीच असती, असं मी म्हणत नाही. पण तो नियम मी आधी वाचायला हवा होता. तिच्या बाबांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, आम्ही तरी कुठे वाचला होता?"

म्हणून आई-बाबांनो, शिकवणी लावण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. चार गोष्टी नक्की बघा. मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवी शिकतं, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो. जन्मतारीख दिलेल्या मुदतीत बसायला हवी. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा एकदाच देता येते. आणि निवड झाली तरी कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत प्रवेश पक्का नसतो. त्यात काही जागा रिकाम्या राहिल्या, तर प्रतीक्षा यादीतल्या मुलांना बोलावतात. तेव्हा यादीत नाव असेल, तर धीर सोडू नका.

आणखी एक गंमत सांगते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. ती देशातली पहिली सैनिक शाळा. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा ३०० गुणांची असते आणि त्यातले १५० गुण एकट्या गणिताचे! पुढे वैद्यकीय तपासणीही होते. नवोदयला गणित १०० पैकी २५ गुणांचं, तर आकृत्या ५० गुणांच्या. म्हणजे आकृत्यांत तरबेज असलेलं मूल एका परीक्षेत पुढे जाईल आणि गणितात तरबेज असलेलं दुसरीत. मूल तेच, तराजू वेगळा. चित्र काढणं, गोष्ट सांगणं, आजारी आजीला वेळेवर औषध देणं, यांचं वजन करणारा काटा तर दोन्हीकडे नाही.

वाट इथेच संपत नाही बरं का! आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची परीक्षा पुन्हा होते. त्याच वर्षी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षाही असते. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. त्यात निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात.

माझी ती विद्यार्थिनी आता आमच्याच शाळेत सातवीत आहे. परवा मधल्या सुट्टीत ती पाचवीच्या मुलांना आरशातल्या आकृत्या समजावून सांगत होती. एका चिमुरड्याने विचारलं, "ताई, तू नवोदयला पास झाली होतीस का?"

मी दारातच थांबले. ती हसून म्हणाली, "अरे, त्यात पास-नापास नसतं. निवड असते. माझी झाली नाही. चल, पुढची आकृती बघ."

मला त्या दिवशी जे उत्तर देता आलं नव्हतं, ते तिने एका दमात देऊन टाकलं!