ट्रॅक्टरला टेप बसविला आणि शिट्टी वाजू लागली

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गाडीतळावर रात्री झोप येत नाही, आणि त्याचे कारण गव्हाणीचा आवाज नव्हे. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर ओळीने उभे असतात आणि प्रत्येकावर वेगळे गाणे चालू असते. त्यात वावगे काही नाही. काट्यावर नंबर लागेपर्यंत चालकाला रात्रभर जागे राहावे लागते, त्याला कसली तरी सोबत हवी. पण हौसेने दोन-तीन हजारांचा सेट बसवावा आणि गाण्याबरोबर खरखर नाही तर शिट्टी ऐकू यावी, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. मग कोणी सेट बदलतो, कोणी स्पीकर बदलतो, आणि शिट्टी तशीच राहते. म्हणून खर्च करण्यापूर्वी हा आवाज कोठून शिरतो ते कसे ओळखावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

प्रथम इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी आणि सेट लावावा. आवाज स्वच्छ आला आणि इंजिन चालू करताच शिट्टी सुरू झाली, रेस वाढविली की तिचा सूरही चढला, तर ती शिट्टी डायनामोची. डायनामो हा शब्द आपल्या तोंडात राहिला आहे, पण आता ट्रॅक्टरवर असतो तो अल्टरनेटर. त्याच्या पोटात आपल्या विहिरीवरील मोटारीला लागते तशी तीन फेजची उलटसुलट वीज तयार होते. दारे धरणारा गडी जसे पाणी हव्या त्या सरीत वळवितो, तसे त्यातील सहा डायोड ही वीज एकाच दिशेने बॅटरीकडे वळवितात. तरीही तिच्यावर थोड्या लाटा राहतातच. त्या लाटा सेटपर्यंत पोहोचल्या की शिट्टी ऐकू येते.

आता आवाजाचे बटन पूर्ण कमी करून पाहावे. शिट्टी तेवढीच राहिली तर ती सेटला वीज देणाऱ्या वायरीतून, अर्थिंगमधून किंवा स्पीकरच्या वायरीतून येत आहे. बटनाबरोबर तीही कमी झाली तर ती आधीच्या बाजूने, म्हणजे एरियलमधून किंवा मोबाईल जोडण्याच्या वायरीतून शिरली आहे. मोबाईलचे तर अगदी सोपे आहे. गाणी मोबाईलवरची, तो वायरने सेटला जोडलेला, आणि त्याच वेळी चार्जरलाही लावलेला, असे असेल तर चार्जर काढून पाहावा. शिट्टी गेली ना? मग सेटला हात लावू नका. दोन वायरींनी दोन ठिकाणची अर्थिंग एकत्र आली, एवढाच तो दोष. ब्लूटूथवर गाणी लावली तरी भागते.

राहता राहिले अर्थिंग, आणि दहांत सात वेळा तरी मला दोष तेथेच सापडला आहे. सेटची काळी वायर डॅशबोर्डच्या पत्र्याला एखाद्या स्क्रूखाली दाबून दिलेली असते. त्या पत्र्यावर रंग असतो, रंगाखाली गंज असतो, आणि तो पत्रा पुढे चॅसिसला नीट टेकलेला असेलच असे नाही. दिवे, हॉर्न, स्टार्टर या सगळ्यांची परतीची वीज अशाच वाटांनी बॅटरीकडे जाते, आणि वाट अरुंद असली की सेटला त्याचा त्रास होतो. परीक्षा करायची तर एक जाड वायर घेऊन सेटची काळी वायर थेट बॅटरीच्या वजा टोकाला तात्पुरती जोडावी. शिट्टी थांबली तर निदान झाले. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना सेटची बॉडी आणि बॅटरीचे वजा टोक यांच्यामध्ये एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दाखवू नये. उपाय फुकटचा आहे: रंग खरवडून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळावा, वरून ग्रीस लावावे. त्याच वेळी इंजिनपासून चॅसिसकडे जाणारी विणीची पट्टीही पाहून घ्यावी. ती तुटलेली असेल तर आज नुसती शिट्टी वाजते, पण एखाद्या पहाटे भरलेल्या ट्रेलरसह ट्रॅक्टर रस्त्यातच सुरू होत नाही. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर उभ्या जागी किती घटते, ते सभासदांना मी काय सांगावे!

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. माझ्या जुन्या जीपमध्ये पूर्वीचा कॅसेट टेप होता. त्याला स्पीकरची एकच वायर, दुसरे टोक बॉडीला. नवा सेट बसविताना मिस्त्रींना मीच म्हणालो, जुनी वायर आहे की, नवी कशाला? पहिल्याच दिवसापासून खरखर. मी एक फिल्टर आणला, मग दुसरा आणला, नंतर स्पीकर बदलले. महिन्याभरात सेट तापून बंद पडला. उघडल्यावर कळले की नव्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर वीज असते, त्यांपैकी एकही बॉडीला लागलेली चालत नाही. साठ-सत्तर रुपयांची वायर वाचवायला गेलो आणि सेट गमावला. म्हणून प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र दोन वायरी सेटपर्यंत न्याव्यात, आणि त्या पत्र्याच्या कडेला घासत नाहीत हे पाहावे.

बरेच महिने सेट ठीक वाजत होता आणि शिट्टी आता नव्याने सुरू झाली, शिवाय सकाळी बॅटरी उतरलेली मिळते, असे असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शंका घ्यावी. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर एसीवर लावावा आणि बॅटरीच्या दोन टोकांना धरावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखविला तर अल्टरनेटर उतरवून दाखवावा. पण जुन्या माणसांची एक खोड आहे, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनामो भरतो का ते पाहण्याची. डायनामोवर ती खपून गेली असेल. अल्टरनेटरवर तसे केले तर चांगले डायोडही जळतात.

फक्त रेडिओच खरखरतो आणि मोबाईलची गाणी स्वच्छ येतात, तर पुढचे जादा एलईडी दिवे एकदा बंद करून पाहावेत. स्वस्त दिव्यांच्या आतील सर्किट एफएमला फार त्रास देते. एरियल व तिची वायर दिव्यांपासून लांब न्यावी. पेट्रोलच्या गाडीत प्लगची टिकटिकही येते. आपल्या डिझेल इंजिनला प्लगची ठिणगीच नसल्याने तो प्रश्न नाही.

ट्रकवाल्या सभासदांसाठी एक गोष्ट. चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढून सेट चालवितात. तसे करू नये. एक बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते, आणि दोन्ही लवकर जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावावा.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे वजा टोक आधी काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. सेटची पिवळी वायर बॅटरीवरून येते, लाल चावीवरून. पिवळीवर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा, सेटवर लिहिला असेल तेवढाच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार फ्यूज म्हणून लावलेली मी आपल्या गाडीतळावर डोळ्यांनी पाहिली आहे. पायाखाली वाळलेले पाचट, मागे उसाचे दोन ट्रेलर आणि मध्ये ती वायर! कडेला घासून ती एकदा पत्र्याला लागली की लालभडक होते.

एवढे सगळे करूनही बारीक शिट्टी राहिली, तरच बाजारातला फिल्टर आणावा. तो सेटच्या जवळ, पिवळ्या वायरीवर बसवावा आणि फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा घ्यावा. दुकानदाराला सेटचा फ्यूज किती अँपिअरचा ते सांगितले की तो योग्य माल देतो.